तांदळातलं नाव

शिव्या देणारी माणसं वकिलाला काही कमी भेटत नाहीत. आधी समोरचा पक्षकार देतो, निकाल लागला की आपला. पण ओळख व्हायच्या आधीच, मला बसायला अजून स्टूलसुद्धा मिळालेलं नसताना जिनं मला शिवी हासडली अशी एकच. धुरपता लक्ष्मण पवार. हे नाव मी इथं ठणठणीत लिहितो आहे, कारण आज ते तिचं कायदेशीर नाव आहे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरकारी कागदांवर ती सुलोचना मारोती शिंदे होती, आणि तिच्यासमोर 'सुलोचना' म्हणणाऱ्याचं काय होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

राज्य वेगळं होण्याचे ते दिवस. आमच्या आदिलाबादेत कचेऱ्यांच्या पाट्या धडाधड उतरत होत्या. जुन्या राज्याचं नाव खरवडायचं, नव्याचं रंगवायचं. शहरात तेव्हा डॉक्टर मिळायचा, रंगारी मिळायचा नाही. मी मोफत कायदेशीर मदतीच्या यादीतला वकील. आमचं घराणं इथं तीन पिढ्यांचं. आजोबा निजामाच्या तहसिलीत उर्दू लिहायचे, वडील सरकारी शाळेत तेलुगू बोलायचे, आणि घरी सगळे मराठीत भांडायचे. त्यामुळे सरहद्दीच्या गावातला, मराठीशिवाय काही न बोलणारा कैदी आला की तुरुंगातून मला बोलावणं यायचं.

"एक औरत है वकीलसाब," जेलर फोनवर म्हणाले. ते तेलुगू माणूस, स्वभावानं गरीब, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात ठेवणारे. "नाम पुकारे तो जवाब नई देती. गिनती में है, हाजरी में नई. मेरेकू क्या करना बोलो."

मी गेलो. बायकांच्या बराकीपुढं लहानसं अंगण, मधोमध चिंचेचं झाड. वॉर्डर रत्नम्मा कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हाजरी घेत होती. एकेक बाई 'हजर' म्हणत होती. मग रत्नम्मानं छाती भरून घेतली आणि ओरडली, "सुलोचना!"

झाडाखाली एक उंच, वाळलेली, चाळिशीची बाई सुपात डाळ निवडत होती. तिनं हात थांबवला. सावकाश मान वळवून मागं पाहिलं, डावीकडं पाहिलं, भिंतीवरून काही येतंय का तेही पाहिलं. मग रत्नम्माकडं वळून अगदी मदत करण्याच्या सुरात म्हणाली, "नाई आली वाट्टे आज."

हा खेळ रोज सकाळ-संध्याकाळ चालायचा. आणि रोज ती नव्यानं मागं वळून पाहायची. नटीला लाजवेल असं.

मला हे सगळं ठाऊक नव्हतं. मी पुढं झालो आणि नको ते बोललो. "नमस्कार सुलोचनाबाई, मी तुमचा..."

सुपातले खडे माझ्या बुटांवर आले.

"काळ्या कोटाच्या कावळ्या! कोनाच्या पिंडाले शिवाले आला तू? सुलोचनेच्या? ती तिकडं घरी भाकरी थापून राह्यली. जा उडत तिकडं!"

त्या दिवसापासून मी कावळा झालो. जेलर 'चष्मा' होते, रत्नम्मा 'किल्ली'. ही तिची एक गंमतच होती. स्वतःच्या नावासाठी सगळ्या सरकारशी भांडणारी ही बाई दुसऱ्या कुणाचं नाव म्हणून घ्यायची नाही. नवऱ्याला ती 'ताटफुट्या' म्हणायची. त्या नावाचा उगम तिच्या खटल्याच्या कागदांत होता.

मुद्देमाल म्हणून पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू दोन: पोचा पडलेलं पितळेचं ताट, आणि जमिनीवरून गोळा करता आले तेवढे तांदूळ. पंचनामा लिहिणारा हवालदार तेलुगू होता. हे तांदूळ कशाचे हे त्याला उमगलं नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं लिहून टाकलं होतं, 'स्वयंपाक चालू असताना भांडण झालं.'

स्वयंपाक कसला! लग्न चालू होतं.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, ताट चारचौघांत फिरतं, पेढे वाटतात. माहेरचं नाव त्या ताटात संपतं. बालपणी आम्हाला त्यात फक्त पेढे दिसायचे. धुरपताबाईंनी मला त्यातलं उरलेलं दाखवलं.

"दोन मिंटात मेली धुरपता," ती मुलाखतीच्या जाळीपलीकडून म्हणाली. "सुतक बी नाई पाळलं कोनी. पेढे वाटले."

सासूनं सुचवलेलं 'सुलोचना' हे नाव ती अठरा वर्षं वागवत राहिली. मूल झालं नाही. मग एक दिवस बहिणीच्या नातवाला अक्षर गिरवायला बासरला न्यायचं म्हणून ती गेली. तिथंही ताटात तांदूळच. सरस्वतीसमोर पोरानं बोटानं तांदळात 'श्री' काढला, तो पाहून ती खुशीत संध्याकाळच्याऐवजी दुपारीच गावी परतली. अंगणात मांडव होता. मारोती शिंदे पाटावर बसले होते, शेजारी विशीतली पोरगी, पुढं ताट, ताटात तांदूळ.

"दुसरी आनली त्याचं मले काई नाई," ती म्हणाली, आणि ते खरं वाटावं इतक्या थंडपणे म्हणाली. "पन भटजीनं इचारलं, नाव काय लिवता? तं ताटफुट्या म्हनते, सुलोचनाच लिवतो. राशन कारड, आधार, बँकेचं पुस्तक, समदे कागद त्याच नावाचे हायेत, पुन्ना कोन हेलपाटे घेईन?"

ती जाळीला आणखी खेटली.

"कावळ्या, बैल म्हातारा झाला तं दुसरा आनते मानूस. पन सर्ज्या मेल्याबिगर नव्या बैलाले सर्ज्या म्हनत नाई कोनी. मी तिथंच उभी होती ना रे!"

तिनं ते ताट उचललं आणि नवऱ्याच्या डोक्यात घातलं. तांदूळ वऱ्हाडावर उडाले. म्हणजे अक्षता पडल्या असं म्हणायला हरकत नाही. मारोतीरावांना टाके पडले, आणि पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं.

पुढं जामीन मंजूर झाला. मी कागद घेऊन पळत गेलो. मुचलक्यावर अंगठा द्यायचा, एवढंच. तिनं शाईत अंगठा बुडवला, कागदाजवळ आणला आणि विचारलं, "खाली कोनाचं नाव हाय?"

"कायद्यानं तुमचं जे आहे ते."

"मंग कायद्याले अंगठा माग." आणि शाईचा अंगठा तिनं माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यावर पुसला.

म्हणजे या बाईला तुरुंगात ठेवलं होतं ते सरकारनं नव्हे. ती बसली होती नावासाठी. "मले माह्यं नाव पायजे," ती म्हणायची. "ते घेऊनच भाईर येईन. न्हाई तं इथंच मरन. मेल्यावर तरी पुकारू नका त्या नावानं."

मी कायदा चाळला. तुरुंगात असलेल्या माणसानं नाव बदलू नये असं त्यात मला कुठं सापडलं नाही. जेलरमार्फत अर्ज, प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, गावात पोलीस चौकशी, आणि शेवटी सरकारी गॅझेटात छापून येणं. मी हे सगळं तिला बोटांवर मोजून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताटात लिवलं तवा किती कागद लागले? मूठभर तांदूळ लागले. ते बी मांगून खिचडीत टाकले."

पहिली पंचाईत प्रतिज्ञापत्रावर झाली. 'मी सुलोचना, यापुढे धुरपता' असं लिहावं लागतं. ती ऐकेना. शेवटी मी म्हणालो, "बाई, चोराचं नाव घेतल्याशिवाय तक्रार कशी लिहिणार?" हे मात्र पटलं. अंगठा उमटला. तिच्याशी मी जिंकलेला हा एकमेव वाद.

अर्ज जेलरसाहेबांच्या टेबलावर गेला त्या दिवशी तुरुंगाच्या दरवाजावरची पाटी रंगत होती. रंगारी शिडीवर, खाली जेलर मान वर करून अक्षरं सरळ आहेत का बघत होते. धुरपताबाईंना अंगठ्यासाठी कचेरीत आणलं होतं. खिडकीतून तिनं शिडी पाहिली.

"चष्मेवाल्या साहेब, ह्या सरकारनं नाव बदललं त्याचा अर्ज कोनी केलता? पोलीस चौकशी झाली का?"

मी तर्जुमा केला. जेलर हसले नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या आंदोलनात लाठ्या खाऊन आला होता. म्हणाले, "अम्मा, इसके वास्ते लोगां बहुत लडे. जानां गए."

"मंग मी काय करून राह्यली?" ती म्हणाली. "फुगडी खेळून राह्यली?"

जेलरनी अर्जावर शिफारस लिहिली. चांगली लांबलचक लिहिली. नंतर मला म्हणाले, "ये औरत मेरा बीपी बढाती. जल्दी करो."

जल्दी कुठली! पोलीस चौकशीसाठी शिपाई तिच्या गावी गेला. मारोतीरावांच्या ओसरीवर चहा प्यायला आणि त्यानं विचारलं, सुलोचना मारोती शिंदे कुठं आहे? मारोतीरावांनी आत हाक मारली. दुसरी बायको पदर घेऊन दारात आली. "हे पाहा साहेब. घरीच हाय. जेलात कायले जाईन ती?" शिपायानं आधार कार्ड पाहिलं. नाव बरोबर. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरच्या फोटोत माणसाला त्याची आईही ओळखत नाही. अहवाल आला: सदर सुलोचना घरी आढळली. तिनं नाव बदलण्याचा कोणताही अर्ज केलेला नाही.

जेलरनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "वकीलसाब, सुलोचना घर में है बोलरे. फिर बरस भर से मेरे पास कौन खाना खारी?"

मला वाटलं होतं हे ऐकून धुरपताबाई भडकतील. त्या पहिल्यांदाच हसल्या. सगळे दात दाखवून. "मी काय सांगून राह्यली होती तुमाले? रोज दोन टाइम सांगतलं. ती घरी हाय म्हनून!"

"पण मग तुम्ही कोणीच नाही," मी म्हणालो. "अर्ज निकालात निघाला. तुमच्या हातून सुलोचनाही गेली आणि धुरपताही."

हसू विझलं. तिनं जाळीला अडकवलेली बोटं सोडवली. मग म्हणाली, "निघ कावळ्या." त्यात नेहमीचा जोर नव्हता, आणि मला तेच लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुरुंगाच्या फाटकावर गोंधळ झाला. मुलाखतीला एक पोरगी आली होती, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. शिपायानं विचारलं, तुझं नाव? सुलोचना मारोती शिंदे. कुणाला भेटायचंय? सुलोचना मारोती शिंदेला. शिपाई समजावून थकला, की बाई, आधी स्वतःचं नाव सांग, मग कैद्याचं. ती तेच सांगत राहिली. नशिबानं मी तिथं होतो.

जाळीच्या अलीकडं ती, पलीकडं धुरपताबाई.

"आली का!" धुरपता कडाडली. "माह्यं लुगडं नेसली, माह्या चुलीवर बसली, आता माह्यं नाव नेसून जेलात मिरवाले आली! फिर जराशी, मांगून कशी दिसतं पाहू दे!"

पोरगी खाली बघून म्हणाली, "आक्का, त्यायनं धाडलं. अर्ज मांगं घ्या म्हनते. पुन्ना असा अर्ज केला तं मारीन म्हनते."

"कोनाले मारीन?"

"मले."

रत्नम्मानं भाकरीचं फडकं तपासून आत दिलं. धुरपतानं एक भाकर उचलली, वास घेतला. "करपली. माह्या तव्याले तेल लावत नाईस वाट्टे." आणि खायला लागली. खाता खाता शिव्या, शिव्या देता देता घास. मी आणि रत्नम्मा नाटकाला आल्यासारखे उभे. मग एकाएकी तिनं घास थांबवून विचारलं, "तुह्यं नाव काय गं?"

"सुलोचना."

"मेले, तुह्या बापानं ठेवलेलं इचारून राह्यली मी."

पोरीला आठवावं लागलं असं नाही, पण ते नाव तोंडाशी यायला वेळ लागला खरा. "अंजना."

"हाक मारते कोनी?"

"कोनीच नाई." आणि ती रडायला लागली.

आता इथं ती जाळीतून हात घालून पोरीच्या डोळ्यांतलं पाणी पुसेल असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. तिनं करपलेल्या भाकरीचा तुकडा जाळीवर फेकला.

"रडतं काऊन? रडून नाव भेटतं तं मले कवाच भेटलं असतं. पुन्ना पोलीस येईन तवा चौकात उभी राहा अन् बोंबल, मी अंजना हाय म्हनून. नाई बोंबललीस तं सुटल्यावर दुसरं ताट तुह्या डोक्यात!"

मी फेरचौकशीचा अर्ज ठोकला. पोलीस पुन्हा गेले. मारोतीरावांनी पुन्हा आत हाक मारली. पोरगी दारात आली, दारातून अंगणात आली, अंगणातून रस्त्यावर आली. सगळा गाव तिथं गोळा झालेला. म्हणाली, "मी अंजना. सुलोचना जेलात हाय." मारोतीराव काठी घेऊन धावले. शिपायानं ती धरली. गावानं पोरीलाच नावं ठेवली, घरभेदी म्हणाले, आणि ती त्याच दिवशी नदीपलीकडं आपल्या आईकडं निघून गेली. अहवाल मात्र बदलला.

दरम्यान खटला उभा राहिला. मारोतीराव पिंजऱ्यात आले, टोपी काढून डोक्यावरचा वण दाखवला. मी उलटतपासणीला उठलो. आयुष्यात असे सुखाचे क्षण फार येत नाहीत.

"वार कोणी केला?"

"बायकोनं. सुलोचनानं."

"कोणत्या?"

मारोतीरावांनी सरकारी वकिलाकडं पाहिलं. एकच म्हणावं, तर पोलिसांना घरी दाखवली ती कोण? दोन म्हणावं, तर दुसरं लग्न कायद्यानं गुन्हा. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि पाणी मागितलं. न्यायाधीशसाहेबांनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्यांचे खांदे हलत होते. शेवटी साध्या दुखापतीचा गुन्हा ठरला, शिक्षा दिली ती भोगून झाली होती त्याहून कमी. लगेच सोडा असा हुकूम झाला.

आणि इथंच सगळं अडलं.

सुटकेची पद्धत अशी: कैद्याला फाटकाच्या दिंडीदरवाजाशी उभं करायचं, हुकुमातलं नाव पुकारायचं, त्यानं 'हो, मीच' म्हणायचं, अंगावरची खूण ताडून पाहायची, मग दिंडी उघडायची. जेलरनी हुकूम हातात घेतला. दिंडी उघडीच होती, बाहेरचा रस्ता दिसत होता, रस्त्यावरून मक्याची गाडी चालली होती. जेलरनी पुकारलं, "सुलोचना, मारोती की बीवी."

तिनं सावकाश मान वळवून मागं पाहिलं.

"अम्मा, नक्को अम्मा, आज नक्को," जेलर म्हणाले.

मी हात जोडले. "बाई, एकदा हो म्हणा. एकदाच. बाहेर पडा. गॅझेट आज ना उद्या येतंच आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. या खेपेला तिच्या बोलण्यात ना शिवी होती, ना टोमणा.

"एकदाच 'हो' म्हनलं होतं मी, ताट फिरलं तवा. ते एकदाच अजून सरून नाई राह्यलं."

आणि वळून बराकीकडं चालू लागली. रत्नम्मानं दंड धरून तिला बाहेर ओढायला पाहिलं तर ती मनगटाला चावली.

"लोगां भागने कू दीवार फोडते," जेलर खुर्चीत बसून म्हणाले. गोळी जिभेखाली गेली. "ये दरवाजा खुला है तो अंदर जारी. रिहाई के बाद अंदर रखे तो मैं मुजरिम! मेरेकू जेल होती, मालूम?"

मी तोड काढली. कोर्टाकडून हुकूम दुरुस्त करून आणतो, 'सुलोचना ऊर्फ धुरपता'. ती बराकीच्या पायरीवरून म्हणाली, "उर्फ दरोडेखोराले अस्ते. मी काय दरोडे घातले?"

गिनतीतून तिचं नाव उडालं होतं, म्हणजे तुरुंगाचं जेवण बंद. पण रत्नम्मा स्वतःच्या डब्यातला भात तिच्यापुढं आपटायची. मनगटाला पट्टी, तोंडानं "तिनु, राक्षसी!" 'खा' असं सांगायची तिची ती रीत. राक्षसी खायची, आणि भात कच्चा आहे म्हणून सांगायची.

गॅझेट छापून झालं होतं, हे मला हैदराबादच्या एका वकीलमित्रानं सांगितलं. मग गेलं कुठं? त्याच सुमाराला आमच्या जिल्ह्याचे तुकडे झाले. तिचं गाव नव्या जिल्ह्यात गेलं आणि पाकीटही गावाच्या मागं गेलं. ती आत आली तेव्हा राज्य निराळं होतं. निघायच्या वेळी जिल्हाही निराळा झाला. तिचं नाव तेवढं कुणाच्यानं निराळं होईना.

मी पाकिटाच्या शोधात नव्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. ती एका मंगल कार्यालयात थाटली होती. फाइलींचे गठ्ठे वधूवरांच्या मंचावर, कपाटं पंगतीच्या जागी, आणि मागच्या भिंतीवर थर्मोकोलचं 'शुभविवाह' अजून तसंच. गठ्ठे सोडता सोडता अर्धा दिवस गेला. शेवटी ते पाकीट निघालं, बरोबर नवरदेवाच्या लाल खुर्चीवर. मी ते छातीशी धरून बस पकडली. गुडीहत्नूरला सगळी बस चहाला उतरली. मी उतरलो नाही. न जाणो, चहा पिईपर्यंत आणखी एखादा जिल्हा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाजरीला जेलर स्वतः अंगणात आले, टोपी वगैरे घालून. रत्नम्मानं बाकीच्यांची हाजरी आटोपली. धुरपताबाई चिंचेखाली पाय पसरून बसल्या होत्या, इकडं लक्ष नाही असं दाखवत. जेलरनी गॅझेट उघडलं आणि आपल्या तेलुगू वळणानं एकेक अक्षर सुटं करत वाचलं.

"धु-र-प-ता. लक्ष्मण की बेटी. पवार."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. उठली. लुगडं झटकलं. हौदावर जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, पदर डोक्यावरून घेतला, आणि रांगेत येऊन उभी राहिली, जिथं ती दोन वर्षांत कधी उभी राहिली नव्हती. काहीतरी पुटपुटली.

"क्या?" जेलर म्हणाले.

"हजर हाय म्हनलं ना! बहिरा हायेस का रे चष्म्या!"

जेलर जाम खूश झाले. त्यांनी तिला पुन्हा पुकारलं, खात्री करण्याच्या निमित्तानं. ती पुन्हा ओरडली. मग दिंडी उघडली. रत्नम्मा दाराआड उभी राहून नाक शिंकरत होती. धुरपताबाईंनी कुणाचे आभार मानले नाहीत. माझ्याजवळून जाताना नाक उडवून म्हणाल्या, "कोट धू. वास मारून राह्यला."

त्या मारोतीरावांकडं गेल्या नाहीत, बहिणीच्या गावी गेल्या असं कळलं. नंतर मी त्यांना एकदाच पाहिलं.

नदीपलीकडच्या गावी अंजनाचं लग्न होतं. मारोतीरावांशी झालेलं लग्न कायद्याच्या दृष्टीनं झालंच नव्हतं, ते कागद मीच करून दिले होते, म्हणून मला आमंत्रण. मांडवात वरपक्ष जरा ताठ होता. मुलीचं मागचं सगळं त्यांना माहीत होतं आणि आपण मोठे उपकार करतो आहोत हे त्यांच्या प्रत्येक हालचालीत दिसत होतं. वधूपक्षाच्या बायकांत, सगळ्यांपासून हातभर अंतर राखून धुरपताबाई बसल्या होत्या, अडकित्त्यानं सुपारी कातरत. ते अंतर त्यांनी राखलं होतं की इतर बायकांनी, सांगता येत नाही.

लग्न लागलं. ताट आलं. तांदूळ पसरले. नवऱ्या मुलाच्या आईनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यानं अंगठी काढली.

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"थांब बापा," धुरपताबाई म्हणाल्या. "लिवाच्या अगुदर तिले इचारलं का?"

"ही कोण?" वरमाय कडाडल्या. "मांडवात असं मध्ये बोलायची रीत आहे का?"

"मी धुरपता लक्ष्मण पवार. सरकारनं छापून आनलेली," त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्या चालत ताटापर्यंत गेल्या तशा वरपक्षाच्या लोकांनी आपापली डोकी जरा मागं घेतली. ताटाची गोष्ट नदीपलीकडंही पोचली होती. "बोल अंजने. काय लिवाचं?"

त्या बाईच्या तोंडून मी दुसऱ्या कुणाचं नाव ऐकलं ते तेवढं एकदाच.

अंजनानं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "जे हाय तेच," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण म्हणाली. मुलगा क्षणभर घुटमळला. त्यानं ताटाकडं पाहिलं. चांगलं जड, पितळेचं होतं. मग त्यानं खाली वाकून लिहिलं.

धुरपताबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मांडवभर नजर फिरवून मला हुडकलं. "ए कावळ्या! इकडं ये. काय लिवलं, वाच."

मी वाकलो. "अंजना."

"नीट पाय."

"अंजनाच आहे बाई."

त्यांनी ताटाकडं, मग माझ्या काळ्या कोटाकडं पाहिलं, आणि भरल्या मांडवात, वरमायेच्या डोळ्यांत बघून, मोठ्यांदा म्हणाल्या, "मंग शिवला म्हना कावळा."

लग्नाच्या मांडवात पिंडाची भाषा! बायकांनी कानांवर हात ठेवले, भटजींनी रामनाम घेतलं, वरमाय पाण्यासाठी हात हलवू लागल्या. धुरपताबाई कुणाकडं न बघता पंगतीकडं गेल्या. त्यांना कुणीही बसा म्हणालं नाही. पहिल्या पंगतीतलं पहिलं पान वरपक्षाच्या मानकऱ्यासाठी राखलं होतं. त्या जाऊन त्या पानावर बसल्या.